रविवारी चर्च, गुरुवारी गजानन महाराज

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या, मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षांपासून स्कॉटलंडमधल्या एका लहान शहरात राहतात. मागच्या हिवाळ्यात नागपुरात त्यांच्या आई वारल्या. तिकीट मिळेपर्यंत अंत्यविधी होऊन गेला, तेरवी त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिली. त्याच दिवसांत त्या जवळच्या चर्चमध्ये बुधवारच्या चहाला जाऊ लागल्या. चर्च 'चर्च ऑफ स्कॉटलंड'चं, म्हणजे प्रेस्बिटेरियन (बिशप नसलेला एक प्रोटेस्टंट पंथ). तिथल्या वयस्क बायकांनी माया लावली. मग त्या रविवारच्या उपासनेला बसू लागल्या, नऊ वर्षांची मुलगी संडे स्कूलला. आता रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात उभ्या राहून त्या आईच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून प्रार्थना करतात. कधी येशूचं नाव घेतात, कधी गजानन महाराजांचं, कधी कोणाचंच नाही. एका रविवारी प्रभुभोजनाची (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरी वाटून घ्यायच्या विधीची) थाळी बाकावरून फिरत आली आणि गोंधळून त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला, त्याची बोच अजून आहे. आता मंडळीतल्या, म्हणजे त्या चर्चच्या उपासकांतल्या, एका एल्डरांनी (कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एकानं) त्यांना ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणाऱ्या वर्गाला बोलावलंय. नवरा म्हणतो, 'तू जा, पण हे घरात आणू नकोस.' बाबांना काहीच माहीत नाही आणि पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धासाठी नागपूरला जायचंय. त्यांचे प्रश्न : ही श्रद्धा आहे की एकटेपणा? मी चर्चमधल्या लोकांना फसवतेय, की बाबांना? प्रार्थना करायची तरी कशी?

ताई, नमस्कार.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं किती जमेस धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले. आमची मंडळी तुमच्या तिथल्यासारखी प्रेस्बिटेरियन नव्हती, पण नातं जवळचं होतं. तासभर चालणारा उपदेश, स्तोत्रं, उपासनेनंतरचा चहा हे सगळं ओळखीचं. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका. मात्र तुम्हाला चर्चमध्ये ढकलायचं किंवा तिथून ओढून काढायचं, असं काहीच माझ्या मनात नाही. तुमच्या पत्रातल्या काही वाक्यांशी मला जरा वाद घालायचाय, एवढंच.

'श्रद्धा की एकटेपणा', ही वाटणी तुम्ही कुठून आणलीत? आपल्याकडे वारीला निघणारा माणूस काय आधी तत्त्वज्ञान पटवून घेतो आणि मग चालू लागतो? कोणाचा मुलगा गेलेला असतो, कोणी नुसती शेजारीण निघाली म्हणून निघते. चालता चालता नाम तोंडात बसतं. त्या माणसाला कोणी दिंडीत थांबवून विचारत नाही की बाबा, तू एकटा होतास म्हणून आलास की खरंच भक्त आहेस. चर्चमध्येही फार वेगळं घडत नाही. बहुतेक माणसं कोणाच्या तरी सोबतीनं आत येतात, आणि ती सोबत संपल्यावरही काही उरतं का, हे बऱ्याच काळानं कळतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे. बुधवारच्या चहाला तुम्ही माणसांसाठी जाता, ठीक आहे. पण रात्री स्वयंपाकघरात तुम्ही उभ्या राहता तेव्हा तिथे बिस्किटं पुढे करणारं कोणी नसतं. तरी तुम्ही बोलता. त्याला आज श्रद्धा म्हणा, शोक म्हणा, सवय म्हणा. एकटेपणावरचा उपाय एवढंच ते असतं, तर बुधवारी भागलं असतं.

आता 'मी त्यांना फसवतेय का' हा प्रश्न. तुम्हीच लिहिलंय की तुम्ही हिंदू आहात हे सगळ्यांना माहीत आहे आणि दिवाळीला तुम्ही त्यांच्यासाठी चिवडा नेला होता. मग फसवणूक कसली? प्रेस्बिटेरियन उपासनेचं दार उघडंच असतं. येऊन बसणाऱ्याला कोणी दाखला मागत नाही. एक गोष्ट मात्र सांगते, थोडी कोरडी वाटेल. चर्च ऑफ स्कॉटलंडची सदस्यसंख्या १९५०च्या दशकात तेरा लाखांवर होती. आज ती अडीच लाखांच्या आसपास आहे. चर्चच्या इमारती विकल्या जातायत, शेजारशेजारच्या मंडळ्या एकत्र केल्या जातायत. अशा ठिकाणी चाळिशीची बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दर रविवारी येते, तेव्हा लोकांना भरून येणारच. त्यांची माया खोटी आहे असं अजिबात नाही. पण त्या मायेत त्यांची गरजही मिसळलेली आहे, हे ओळखून असा. म्हणजे कोणी फार आनंदानं हात धरला की त्या आनंदाची परतफेड म्हणून 'हो' म्हणावंसं वाटणार नाही. चिवड्यानं ते कर्ज फिटलेलं आहे.

आणि परकेपणाचं म्हणाल, तर तुम्ही नागपूरच्या. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा काढली, गोंडांच्या चालीरीती नोंदवल्या, विदर्भाच्या खडकांचा अभ्यास केला आणि १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून वारले. पुढे त्यांच्या नावानं निघालेल्या कॉलेजात तुमच्या ओळखीचे कितीतरी जण शिकले असतील. पुढची गंमत अशी की भारतातल्या या प्रेस्बिटेरियन परंपरेचा मोठा भाग २९ नोव्हेंबर १९७० रोजी इतर पंथांबरोबर एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाला, आणि तो सोहळाही नागपुरातच झाला. ज्यांच्याकडून माणसं आपल्याकडे धर्म सांगायला आली, त्यांच्याच अर्ध्या रिकाम्या बाकांवर आज एक नागपूरकर बाई ऊब शोधत बसते, याला काय म्हणावं!

प्रार्थनेकडे येते. तुमचा समज असा दिसतो की आधी विश्वास पक्का व्हायला हवा, मगच प्रार्थना करायचा अधिकार मिळतो. तुमचंच बालपण आठवा. विदर्भातल्या गावोगावी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. संध्याकाळी पोरंटोरं रांगेत येऊन बसतात. त्यांच्यातल्या कोणाला ईश्वराबद्दल काय पटलंय? बसतात, शब्द पाठ होतात, काहींना पुढे त्याचा अर्थ भेटतो. ख्रिस्ती परंपरेतही येशूचे शिष्य त्याच्या मागे फिरत असतानाच त्याला म्हणाले होते की आम्हाला प्रार्थना करायला शिकव. सोबत राहून, रोज पाहूनही त्यांना ते येत नव्हतं. आणि बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. एका श्वासात दोन्ही. त्याला कोणी परत पाठवलं नाही.

चर्चमध्ये तुम्ही ऐकता त्या प्रार्थनेला एक घडण असते, ती लक्षात आली की बरंच सोपं होतं. आधी स्तुती, मग चुकांची कबुली आणि क्षमेचं आश्वासन, मग आभार, आणि शेवटी इतरांसाठी मागणं : आजारी, एकटे, युद्धात सापडलेले, सरकार चालवणारे. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हे सगळं बहुधा स्वतःच्या शब्दांत बोलतात, म्हणून नवख्याला वाटतं की आपल्यालाही असं सफाईनं बोलता आलं पाहिजे. काही गरज नाही. हेच चार टप्पे घेऊन घरी दोन दोन वाक्यं बोलून बघा, आणि कृपा करून मराठीत बोला. तिथल्या इंग्रजी प्रार्थनांचे तुकडे ओठांवर येतात, असं तुम्ही लिहिलंय. आईशी तुम्ही कधी इंग्रजीत भांडला होतात का? मग तिच्याबद्दल देवाशी बोलताना तरी परभाषा कशाला? वऱ्हाडी आली तोंडात तर वऱ्हाडी.

शब्दच सुचत नसतील तेव्हा बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. स्कॉटिश चर्चचा तो प्राण आहे. १६५० साली त्यांनी सगळी दीडशे स्तोत्रं छंदात बांधून मंजूर केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत दुसरं फारसं काही गायलंच नाही. तेविसावं तुम्ही ऐकलं असेलच, तिथल्या बऱ्याच अंत्यविधींना म्हणतात : 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.' पण तुम्हाला मी अठ्ठ्याऐंशीवं वाचायला सांगेन. त्यात माणूस देवापाशी नुसता आक्रोश करतो आणि ते अंधारातच संपतं, शेवटी कोणी पाठीवर हात फिरवत नाही. असं काही धर्मग्रंथात असू शकतं, हे शोकात असलेल्या माणसाला कळलेलं बरं.

आता आईबद्दल. इथे जरा थांबून लिहिते, कारण मला वाटतं खरी गाठ इथेच आहे आणि चर्चमध्ये तुम्हाला हे कोणी अजून सांगितलेलं दिसत नाही.

तुम्ही आईच्या आत्म्याच्या शांतीसाठी प्रार्थना करता. आपल्या घरांत हे इतकं सहज आहे की त्यात विचारण्यासारखं काही असेल, असंही वाटत नाही. पण प्रेस्बिटेरियन परंपरा मृतांसाठी प्रार्थना करत नाही. स्कॉटलंडच्या चर्चनं १६४७ मध्ये स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत (काय मानायचं ते मांडणाऱ्या अधिकृत निवेदनात) ते स्पष्ट लिहिलेलं आहे : प्रार्थना जिवंतांसाठी आणि पुढे जन्माला येणाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी नाही. त्यामागे इतिहास आहे. मृतांच्या आत्म्यांची सुटका व्हावी म्हणून पैसे देऊन मिस्सा (कॅथलिक उपासना) म्हणवून घ्यायची प्रथा युरोपात बोकाळली होती, अशा गोष्टींविरुद्ध प्रोटेस्टंट चळवळ उभी राहिली. स्कॉटलंडमध्ये १५६० साली ती जिंकली. त्यांचं म्हणणं असं की माणूस गेला की तो देवाच्या हातात, आपल्या खटपटीनं त्यात भर पडत नाही आणि उणंही होत नाही. म्हणून तिथल्या अंत्यविधीत गेलेल्याच्या आयुष्याबद्दल आभार मानतात, त्याला देवाच्या स्वाधीन करतात, आणि मागणं मागतात ते मागे राहिलेल्यांसाठी. आजचे सगळे पाळक या बाबतीत सारखेच कडक असतात असं नाही. काही जण तुमचं ऐकून घेतील आणि तुमच्याबरोबर दोन शब्द बोलतीलही. पण परंपरा काय आहे ते तुम्हाला माहीत असायला हवं. नाहीतर तुम्ही आईला शोधत त्या दारात जाल आणि वर्षभरानं कळेल की नेमकी तीच गोष्ट ते देत नाहीत.

मग रात्रीची ती प्रार्थना बंद करायची का? मी तर बंद करू नका असंच म्हणेन. पण ती नीट ऐकून बघा. तिच्यात 'आईला शांती मिळो' किती आहे आणि 'मी वेळेवर पोहोचले नाही' किती आहे? पत्रात तिकिटाचा उल्लेख तुम्ही तीनदा केलाय. दिल्लीची विमानं, व्हिसाचे कागद, मुलीची शाळा, सगळं तपशिलानं लिहिलंय. कोणीतरी तुम्हाला निर्दोष ठरवावं म्हणून दिलेली साक्ष वाटते ती. ताई, विमान न मिळणं हे पाप नाही. आणि तुम्हाला स्वतःलाच ते पटत नसेल, तर प्रार्थनेत तेच बोला. 'मला पोहोचता आलं नाही, मला ते सहन होत नाही.' कबुली आणि क्षमा हा प्रेस्बिटेरियन उपासनेचा कणा आहे. तुम्हाला त्या चर्चमध्ये काही मिळायचंच असेल तर ते मला या बाजूनं दिसतं. आईला मुक्ती मिळवून द्यायची जबाबदारी तुमच्यावर नाही असं जर कोणी ठामपणे सांगत असेल, तर ते ऐकायला तुम्हाला कसं वाटतं? हलकं वाटतं की कोणीतरी आईला तुमच्यापासून तोडल्यासारखं वाटतं? दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. पण ती तुम्हाला ठाऊक हवीत.

याच्या जोडीला शोकासाठी वेगळा आधारही घ्या. क्रूज स्कॉटलंड ही संस्था जवळचं माणूस गमावलेल्यांशी बोलते, पैसे घेत नाही, धर्म विचारत नाही. चर्चवर सगळा भार टाकू नका. पाळकाला तेवढा वेळही नसतो.

वर्षश्राद्धाला जा आणि मनापासून करा. पिंडदान भाऊ करेल, तुम्ही आईला आवडणारा स्वयंपाक कराल, पान वाढाल, बाबांच्या शेजारी बसाल. तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही, तुम्ही कोणाला काही वचन दिलेलं नाही, तेव्हा 'चालेल का' असा प्रश्नच येत नाही. पुढे कधी तुम्ही ख्रिस्ती झालात तर नैवेद्याचं काय, प्रसादाचं काय, असे प्रश्न पडतील. मराठी ख्रिस्ती घरांतही त्यावर एकमत नाही, आणि करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत तर प्रेषित पौलाच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या, काळीच मूर्तीपुढच्या अन्नावरून वाद झाले होते. ते तेव्हा बघू.

प्रभुभोजनाची बोच काढून टाका. पूर्वी स्कॉटलंडमध्ये या बाबतीत फार कडक होते. एल्डर घरोघर जाऊन चौकशी करायचे आणि योग्य वाटलेल्यांना धातूचा छोटा बिल्ला द्यायचे, तो दाखवल्याशिवाय मेजाजवळ बसता येत नसे. आता बहुतेक मंडळ्यांमध्ये पाळक सुरुवातीलाच सगळ्यांना आमंत्रण देतात आणि ज्याला घ्यायचं नसेल तो थाळी हसून पुढे सरकवतो. कोणी बघत नाही. पुढच्या वेळी सरकवा. तरीही मन खात असेल तर पाळकांना सरळ सांगा, 'मला कळलं नाही, मी घेतलं.' माझी खात्री आहे की ते तुम्हाला चहा पाजतील. मात्र पुढे ती भाकरी समजून उमजून घ्यायची वेळ आली, तर ती साधी गोष्ट आहे असंही मानू नका. ख्रिस्ती माणसं त्यात ख्रिस्ताशी आणि एकमेकांशी आपलं नातं बघतात.

वर्गाचं सांगते. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बिशप नसतो. मंडळीतून निवडलेले एल्डर आणि पाळक मिळून कारभार बघतात, त्यांच्या सभेला सेशन म्हणतात; त्यावर त्या भागातल्या मंडळ्यांची प्रेस्बिटरी, त्यावर दर मे महिन्यात एडिनबर्गला भरणारी महासभा. तुम्हाला बोलावणारे एल्डर निवृत्त शिक्षक आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या एकट्याकडे तुम्हाला कुठे नोंदवून टाकायचा काही अधिकार नाही. सदस्य व्हायचं तर ते तुम्हाला स्वतःच्या तोंडानं मागावं लागतं, सेशन ते मान्य करतं, तुम्ही मंडळीसमोर उभं राहून विश्वास जाहीर करता आणि आधी झालेला नसेल तर बाप्तिस्मा होतो. हे चुकून, लाजेकाजेखातर किंवा चहाच्या ओघात होत नाही. वर्गाला जाणं म्हणजे त्या रस्त्यावर पाय टाकणंही नव्हे. एल्डरांना एवढंच सांगा : 'मला ऐकायचंय, पण मी काही ठरवलेलं नाही, आणि पुढच्या महिन्यात मी भारतात असेन.' भला माणूस असेल तर तेवढं पुरे. त्यावर कोणी 'उशीर करू नका' म्हणालं तर वर्गाला नंतरच जा.

मात्र वर्गात गेलात तर नुसत्या मान डोलवू नका. आपली एक गोड सवय आहे, 'शेवटी सगळे देव एकच' म्हणून विषय संपवायची. तुमच्या पत्रातही ते वाक्य आहे, आणि मला ते तुमच्या भीतीवर घातलेलं पांघरूण वाटलं. माझ्या मते त्यात गजानन महाराजांवरही अन्याय होतो आणि येशूवरही. ख्रिस्ती विश्वास एक विशिष्ट दावा करतो : येशू हा देवाचा पुत्र, तो मेला आणि पुन्हा उठला, आणि तोच प्रभू आहे. या दाव्याला 'हो' म्हणता येतं, 'नाही' म्हणता येतं, वर्षानुवर्षं 'अजून माहीत नाही' म्हणता येतं. तो दावा केलाच नसल्यासारखं वागलात, तर तुम्हाला चर्च न कळताच चर्च आवडत राहील. वेस्टमिन्स्टरच्या १०७ प्रश्नांच्या लहान प्रश्नोत्तरीत पहिलाच प्रश्न आहे की माणसाच्या जगण्याचा मुख्य हेतू काय, आणि उत्तर आहे : देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद मानणं. त्यावर तिथे चर्चा करा. आणि तुमचे स्वतःचे अवघड प्रश्न वहीत लिहून न्या. आईचं काय? देवघरातल्या तसबिरीचं काय? मी गुरुवारी पोथी वाचते, तिचं काय? पाळकांनी 'मला पूर्ण उत्तर माहीत नाही' असं म्हटलं तर त्यांच्यावर जरा जास्त विश्वास ठेवा. कोणी तुमच्या आईबद्दल निवाडा सुनावला, तसबीर फेकायला सांगितली किंवा 'नवऱ्याला इतक्यात कळवू नका' असं सुचवलं, तर तिथून उठा. मुलीच्या संदर्भात काही खटकलं तर चर्च ऑफ स्कॉटलंडच्या प्रत्येक मंडळीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली व्यक्ती असते, तिच्याशी बोला.

आता घरचं. बाबांना तुम्ही फसवत नाही आहात, पण लपवत आहात, आणि ते जितकं लांबेल तितकं जड होईल. आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण नारायण वामन टिळकांचं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना तो नंतर कळला. घर फुटलं, दोघं कित्येक वर्षं वेगळी राहिली, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. काळ वेगळा होता, तुमचं प्रकरण तिथवर गेलेलंही नाही. पण लक्ष्मीबाईंच्या त्या वर्षांकडे बघितलं की मला वाटतं, धर्म बदलल्याच्या दुःखात 'मला विचारलंही नाही' हे दुःख निम्म्याहून जास्त होतं. टिळकांनी पुढे ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, तुकोबाला सोडलं नाही, हेही खरं. पण ते शहाणपण घरात यायला फार किंमत मोजावी लागली.

तर बाबांना सांगा. श्राद्धाच्या दिवशी नको, आदल्या दिवशी नको, पाहुण्यांसमोर तर नकोच. सगळं आटोपल्यावर एखाद्या संध्याकाळी. आणि जेवढं घडलंय तेवढंच सांगा : 'आई गेली तेव्हा तिथे मला कोणी नव्हतं, या चर्चमधल्या बायकांनी सांभाळलं, मी रविवारी तिथे जाते, मला तिथे प्रार्थना करावीशी वाटते.' बाबा धर्मांतराबद्दल विचारतील. 'नाही, आणि तसा विचार झाला तर तुम्हाला आधी सांगेन', हे तुम्हाला प्रामाणिकपणे म्हणता येत असेल तर म्हणा. ते रागावतीलही. कदाचित त्यांना राग येईल तो चर्चचा नसेल, 'तुला तिथे कोणी नव्हतं' या वाक्याचा असेल.

नवऱ्याचं 'घरात आणू नकोस' मला तितकंसं कठोर वाटत नाही. त्यांना विचारा, 'हे' म्हणजे नेमकं काय? माझा अंदाज आहे की त्यांची काळजी मुलीबद्दल आहे, आणि ती रास्त आहे. तुमचा शोध हा तुमचा आहे. नऊ वर्षांच्या मुलीला संडे स्कूलमध्ये गोष्टी, गाणी आणि मैत्रिणी मिळतायत, पण ती त्यातून काय घेते त्यावर दोघांचा हक्क आहे. तिथे काय शिकवतात ते नवऱ्याला एकदा बसून बघू द्या. तिचा बाप्तिस्मा दोघांच्या संमतीशिवाय होणार नाही, हे त्यांनी न विचारताच सांगून टाका. आणि गणपती, दिवाळी, गुरुवारची खिचडी जशी होती तशी राहू द्या. आईची श्रद्धा हलली म्हणून घरचं सगळंच हललं असं त्या लेकराला वाटायला नको.

तुमच्यासारखं पत्र भारतातूनही येतं, म्हणून त्या वाचकांसाठी थोडं. चर्चमध्ये बसायला, प्रार्थना करायला, बायबल वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. पण बाप्तिस्म्याचे कायदेशीर परिणाम असतात, ते भावनेच्या भरात विसरले जातात. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली लग्न झालेलं असेल तर एकानं धर्म बदलणं हे दुसऱ्याला घटस्फोट मागायला कारण ठरू शकतं. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. अनेक राज्यांत धर्मांतराविषयी स्वतंत्र कायदे आहेत, काही ठिकाणी प्रशासनाला आधी कळवावं लागतं. तुमचंही लग्न त्याच कायद्याखाली झालं असेल, ताई, तर हे तुम्हालाही लागू पडू शकतं. त्या टप्प्याला आलात तर आधी वकिलाला भेटा, मग पाळकांना.

पत्राच्या तळाशी तुम्ही विचारलंय की दानाची थाळी येते तेव्हा पैसे टाकावेत का, कारण शेजारचे बरेच जण काहीच टाकत नाहीत आणि तुम्हाला टाकायला लाज वाटते, न टाकायलाही. त्यांचे पैसे बँकेतून परस्पर दरमहा जातात, म्हणून थाळी रिकाम्या हातानं पुढे जाते. पाहुण्याकडून कोणाची अपेक्षा नसते. टाकावंसं वाटलं तर टाका. दाराशी फूड बँकेची टोपली असेल, तर तिच्यात डाळीचं पाकीट ठेवलंत तरी चालेल. ती टोपली चर्चला न येणाऱ्यांच्याही घरी जाते.